एक मडकं रिकामं

पुष्कळ पुष्कळ हिवाळ्यांपूर्वी, एका उंच डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. घरं अकरा. माणसं कष्टाळू, हुशार आणि भयंकर मानी.

त्या गावात एकदा बर्फ पडायला लागला की चार महिने हटत नसे. खिंड बुजून जाई, झरे गोठत. मेंढ्या मेंढपाळांबरोबर आधीच खालच्या खोऱ्यात गेलेल्या असत. मग उरत ती फक्त घरं आणि घरांत बसलेली माणसं.

म्हणून गावाने एक रीत घालून घेतली होती. झाडांची शेवटची पानं गळाली की गावातला सर्वांत वयस्कर माणूस घरोघर जाऊन हिवाळ्याची बेगमी तपासायचा. त्याला सगळे थोरले म्हणत. जवाचं पीठ, कुळीथ, तेल, मीठ, सरपण, वाती, सुई-दोरा. थोरले एकेका मडक्यात कोपरापर्यंत हात घालून बघत. काहीच उणं नसलं की दाराच्या चौकटीवर गेरूचा टिळा लावत आणि म्हणत, "घर भरलं. आता दार लावा."

दार लागायचं. पाण्यासाठी भांडंभर बर्फ आत घ्यायला आणि चुलीतली राख बाहेर टाकायला, तेवढंच ते उघडायचं. टिळा लागल्यावर दुसऱ्याकडे काही मागायला जाणं म्हणजे भर गावात नाक कापून घेणं. "त्याच्या पणजोबांनी ऐन बर्फात तेल मागितलं होतं," असं लोक तीन पिढ्यांनंतरही सांगत, आणि ज्याचे पणजोबा तो मान खाली घाली.

किती शहाणं गाव, असं तुम्हाला वाटेल. गावालाही तसंच वाटायचं.

पण दर हिवाळ्यात कुणाला ना कुणाला भिंत लागायची. भूत लागतं ना, तशी भिंत. आधी माणूस चिडचिड करी. भांडं वाजलं तरी अंगावर धावून जाई. मग बोलणं बंद. मग जेवण अर्धं. मग तो भिंतीकडे तोंड करून बसे, आणि वसंत येईपर्यंत घरचे त्याच्या पाठीशी बोलत राहत.

गेल्या हिवाळ्यात कुंभाराला भिंत लागली होती. गावातला सर्वांत शांत माणूस. एके सकाळी तो उठला, दार उघडलं आणि बर्फात चालत निघून गेला. कुठे, ते त्यालाही माहीत नसावं. बर्फ वितळल्यावर तो खिंडीपाशी सापडला.

"बेगमी अपुरी असेल," लोक म्हणाले.

थोरल्यांनी जाऊन पाहिलं. पीठ होतं, मीठ होतं, सरपण छतापर्यंत होतं. "काहीच उणं नव्हतं," असं त्यांनी गावाला सांगितलं, आणि गावाने सुटकेचा श्वास टाकला. चूक कुणाचीच नव्हती. सगळं भरलेलं घर आणि मेलेला माणूस, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

एकीला सुचलं. ती विणकराची बायको. खालच्या खोऱ्यातली लेक, या गावात येऊन तिला दोनच हिवाळे झाले होते.

हा तिचा तिसरा. दुसरा महिना लागला आणि विणकराचं काहीतरी बिनसलं. पहिल्या बर्फाआधी सगळं काम संपवायचं ही गावाची शिस्त, म्हणून लोकर विणून संपलेली. माग सुटा करून बांधून ठेवलेला, त्याच्या जागी सरपण रचलेलं. आधी तो छताच्या फळ्या मोजत बसे. मग मोजणंही सोडलं.

"अहो, पिठलं कसं झालंय?" ती विचारी.

"काल होतं तसंच."

"काल तर वरण होतं."

"मग वरणासारखं झालंय."

ती हसली. तो हसला नाही. पुढे हे एवढंही बोलणं थांबलं.

आणि एका सकाळी तो पायांत लोकरी जोडे चढवून दाराशी बसला. दुपारी काढले. दुसऱ्या सकाळी पुन्हा चढवले.

तिला कुंभारीण आठवली. गेल्या वसंतात ती नदीवर म्हणाली होती, "चार दिवस जोडे घालूनच बसले होते गं. मी विचारलंसुद्धा नाही, कुठं निघालात म्हणून."

विणकरणीने विचारलं, "कुठं निघालात?"

"कुठं नाही," तो म्हणाला.

यालाच ती घाबरली होती. माणूस निघाला आहे आणि त्याला कुठेच जायचं नाही. घरात सगळं आहे, मग जायचं तरी कशासाठी? तिने फडताळाकडे पाहिलं. ओळीने मडकी, अजूनही भरलेली. त्या मडक्यांचा तिला एकाएकी राग आला.

तो पाणी तापवायला आत गेला तेव्हा तिने मिठाचं मडकं उचललं, दार किलकिलं केलं आणि सगळं मीठ पायरीवर ओतून टाकलं.

जेवायच्या वेळी ती म्हणाली, "मीठ संपलं."

"संपलं? थोरल्यांनी हात घालून बघितलं होतं."

"मग थोरल्यांचा हात लांब असेल. मडकं रिकामं आहे, बघा."

"असं कसं संपेल? चार महिन्यांचं होतं!"

कित्येक दिवसांत त्याने एवढे शब्द सलग उच्चारले नव्हते. ती मनात म्हणाली, चला, सुरुवात तर झाली. मोठ्याने म्हणाली, "शेजारी कुंभारणीकडे जाऊन मूठभर आणा."

"मी? मागायला?" तो उठून उभाच राहिला. "त्यापेक्षा अळणी खाईन."

"खा."

पहिल्या दिवशी त्याने अळणी भाकरी खाल्ली आणि "चालतं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी अळणी कुळीथ खाल्ले आणि काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या दिवशी पहिला घास तोंडात धरून तो बराच वेळ बसला, मग ताट सरकवून ओरडला, "फावडं कुठंय?"

कुंभारणीचं घर वीस पावलांवर. पण बर्फ छातीएवढा. गेल्या वर्षी कुंभार असाच दारातून बाहेर पडला होता, आज विणकर पडला. फरक एवढाच होता की याला कुठेतरी जायचं होतं.

एवढासा फरक पुरेल का? दाराशी उभी राहून ती फावड्याचा आवाज ऐकत होती. खस, खस, खस. थांबला की तिचा श्वास थांबे. सुरू झाला की सुटे. ऊन माथ्यावर आलं तेव्हा आवाज थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही.

तिने धावत जायला पायांत जोडे घातले. तेवढ्यात पलीकडून दार करकरलं.

"कोण आहे?" कुंभारणीचा आवाज. बरेच दिवस न वापरलेला, घोगरा.

"वहिनी, मी. ते… जरासं…"

"काय जरासं, भावजी?"

"मीठ."

आणि मग कुंभारीण हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसली, ते विणकरणीला एवढ्या लांबून कळलं नाही. "मीठ! अहो, या ना आत. मीठच काय, भाकरी टाकते. मला वाटलं, वसंतापर्यंत या दारावर थाप पडायची नाही."

विणकर तिन्हीसांजेच्या आधी परतला. नाक लाल, दाढीत बर्फ, हातात मिठाची पुरचुंडी. आणि बोलणं थांबेना. "वहिनींच्या चुलीचं धुराडं तुंबलंय. घरभर धूर, आणि बाई डोळे पुसत बसलीय. कुणाला सांगेल तर शपथ! उद्या जातो, काढून देतो. आणि ऐक, धुराड्याला लांब काठी लागेल, ती सुताराकडे असणार. म्हणजे आधी सुताराकडे वाट काढायला हवी."

त्याने जोडे काढून चुलीशी वाळत घातले. सकाळी ते पायांत चढले, पण दाराशी कुणी बसलं नाही.

सुताराकडे वाट गेली. सुताराच्या बायकोने ती उघडी वाट पाहिली आणि तिलाही काही आठवलं. ती विणकरणीच्या दारात आली. "सुई आहे का गं? माझी हरवली."

विणकरणीने तिच्या चोळीवर टोचलेल्या तीन सुया पाहिल्या आणि म्हणाली, "आहे. बस ना, शोधते."

शोधायला अर्धा दिवस लागला.

मग लोहाराला विळा हवा झाला. "ऐन हिवाळ्यात विळा?" सुतार म्हणाला. "बर्फाची कापणी आहे वाटतं! आणि गावभरचे विळे घडवतं कोण?"

"तू आधी आत घेतोस का इथंच गोठवतोस?" लोहार म्हणाला.

पंधरा दिवसांत गावात दहा घरांना जोडणाऱ्या वाटा झाल्या. बर्फाच्या उंच भिंती दोन्ही बाजूंना, आणि मधून माणसं चाललेली.

अकरावं घर थोरल्यांचं. गावातलं सर्वांत मोठं, सर्वांत भरलेलं. त्यांच्याकडे मागायची कुणाची छाती नव्हती. पण वाटांवरचे आवाज त्यांनी ऐकले आणि ते संतापले. मी टिळा लावलेल्या घरात उणं निघालंच कसं? त्यांनी स्वतः वाट खणली, धापा टाकत एकेक घर गाठलं, एकेका मडक्यात हात घातला. सगळीकडे सगळं होतं. शेवटी ते विणकराच्या पायरीवर थबकले. गावभर बर्फ, आणि या पायरीवर मात्र ओला खड्डा.

ते आत आले. मिठाचं मडकं रिकामं होतं.

"सूनबाई, बर्फ असा मिठानेच वितळतो. मीठ ओतलंस तू."

"ओतलं, थोरले." तिने पदर सारखा केला.

विणकराने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"चार महिन्यांचं मीठ! टिळा पुसावा लागेल तुझ्या दाराचा. बर्फात अन्न वाया घालवणं म्हणजे काय, कळतं?"

"कळतं. पण कुंभारभावजींच्या घरी सगळं होतं ना, थोरले? मडकं न् मडकं भरलेलं होतं. काय उणं होतं ते तुम्हीही सांगू शकला नाहीत. मी सांगते. त्यांच्या घरी बाहेर पडायला कारण उणं होतं." ती थांबली. "माझा नवरा दोन दिवस जोडे घालून दाराशी बसला होता. पुसा टिळा."

थोरल्यांनी विणकराकडे पाहिलं. विणकराने मान खाली घातली, मग हळूच वर केली आणि "हो" म्हणाला.

टिळा न पुसताच थोरले आपल्या वाटेने निघून गेले.

दुसऱ्या सकाळी विणकराच्या दारावर थाप पडली. दारात थोरले, हातात एक वाटी.

"सूनबाई," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "चिमूटभर मीठ मिळेल का?"

त्यांच्या घरी मिठाची तीन मडकी आहेत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कुंभारणीने दिलेल्या मिठातलं चिमूटभर विणकरणीने वाटीत घातलं आणि म्हणाली, "बसा ना, थोरले. पिठलं टाकते."

थोरले बसले. पुष्कळ वेळ बसले.

त्या हिवाळ्यात कुणालाही भिंत लागली नाही. पुढच्या शरदात थोरले नेहमीसारखे बेगमी तपासायला निघाले. पीठ आणि सरपण त्यांनी पूर्वीपेक्षाही कडकपणे तपासलं, कारण भूक ही थट्टा नव्हे. पण प्रत्येक घरात एक मडकं त्यांनी मुद्दाम रिकामं करवलं. कुणाचं मिठाचं, कुणाचं तेलाचं, आणि त्यातलं सामान शेजारच्या घरात ठेवायला लावलं. मग गेरूचा टिळा लावत ते म्हणाले, "घर भरलं. आता वाट खणायला फावडं दाराशी ठेवा."

ज्या घरात काहीच उणं नसतं त्याचं दार कुणी वाजवत नाही, म्हणून माणसाने शेजाऱ्याकडे जाण्यापुरतं एक मडकं नेहमी रिकामं ठेवावं.