ठसका लागलेला काजूगर

एक होता राजा. राज्य केवढं म्हणाल, तर सकाळी निघून एक फेरी मारावी आणि जेवायला घरी यावं, एवढंच. पुढे खाडी, मागे डोंगर आणि मधे सगळ्या काजूच्या बागा. राजाला दोन मुलं. मोठी मुलगी मैनावती, दहा वर्षांची. धाकटा मुलगा पाच वर्षांचा. त्याचं खरं नाव भलं लांबलचक होतं, पण सगळे त्याला बाप्याच म्हणायचे. चिंगे, पांघरूण सगळं तुझ्याकडे ओढू नकोस. मन्याला दे अर्धं. हां, आता ऐका.

तर हा बाप्या काजूगरांवर जीव टाकायचा. भातात काजूगर, दुधात काजूगर, झोपताना उशीखालीसुद्धा काजूगर. राजवाड्यातले संपले की शेजाऱ्यांकडे जायचा. राजाचा मुलगा, त्याला बोलणार कोण? लाडावलेलं पोर, दुसरं काय!

राजवाड्यामागच्या डोंगरावर आंब्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत एक म्हातारं शेकरू राहायचं. शेकरू म्हणजे मोठी खार, बरं का. तांबूस रंगाची, झुबकेदार शेपटीची. त्या शेकरानं पावसाळ्यासाठी एकेक काजूगर सोलून साठवून ठेवला होता. एकदा काय झालं, बाप्याला ती ढोली दिसली. मग त्यानं आत हात घातला आणि मूठभर काजूगर काढून घेतले.

शेकरू म्हणालं, "राजाच्या पोरा, मूठभर घेतलेस, घे. पण पुन्हा येऊ नकोस. पावसात मला बाहेर पडवत नाही."

दुसऱ्या दिवशी बाप्या पुन्हा हजर. या खेपेला ओंजळभर नेले. शेकरू म्हणालं, "अरे, आता आलास तर माझ्यासारखं वाईट कोणी नाही." बाप्या खो खो हसला. एवढंसं जनावर, ते काय करणार!

तिसऱ्या दिवशी तर त्यानं कहरच केला. ताईला बरोबर नेलं. तिचा शेला झाडाखाली पसरला आणि ढोली खरवडून खरवडून रिकामी केली. मैनावती म्हणत होती, "बाप्या, नको रे, त्याला थोडे ठेव." पण ऐकतोय कोण!

मग शेकरू फांदीवर आलं. रागानं थरथरत होतं बिचारं. त्यानं शेपटी आपटली एकदा, दोनदा, तीनदा आणि ओरडलं, "एवढे आवडतात ना तुला काजूगर? मग हो तूच काजूगर!"

आणि काय सांगू तुम्हाला! जिथं बाप्या उभा होता तिथं बाप्याच नाही. एक इवलासा, पांढरा, वाकडा काजूगर वरून टुपकन शेल्यावर पडला आणि बाकीच्या काजूगरांत मिसळून गेला.

मैनावती किंचाळणार होती. पण किंकाळी बाहेर पडायच्या आधीच तिचे दात दातांवर बसले. दातखीळच बसली हो पोरीची! डोळे एवढाले झाले आणि तोंड मात्र गच्च मिटलेलं.

आणि खरी गंमत पुढेच. शेकराचीही पाचावर धारण बसली. ते म्हणालं, "अगं आई गं! हे खरंच झालं? माझी आजी म्हणायची हा मंत्र. पण तिच्या मंत्रानं कधी झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं!" मग ते डोकं खाजवत म्हणालं, "उलटा मंत्र मला येत नाही गं. आजी एवढंच सांगायची, की ज्याचं जे झालं असेल, त्याच्या तोंडून स्वतःचा आवाज निघाला की तो सुटतो."

आता सांगा, काजूगराला तोंड असतं का? नाही ना? तेच तर.

मैनावतीनं शेल्याची गाठ मारली. एकही काजूगर सांडू दिला नाही. गाठोडं छातीशी धरून ती धावत घरी आली. दारात मुदपाकखान्यातली बाई उभी होती. मुदपाकखाना म्हणजे राजाचं स्वयंपाकघर. ती म्हणाली, "अगो बाय, एवढे काजूगर! दे हो, डब्यात भरते." आणि गाठोडं घेऊन गेलीसुद्धा. मैनावती मागोमाग धावली. पण बोलणार कशी?

इकडे बाप्या कुठे म्हणून एकच हलकल्लोळ उडाला. शिपायांनी विहिरी पाहिल्या, खाडीत होड्या घातल्या. राणी रडून रडून थकली. राजानं अन्नाला हात लावला नाही. आणि ज्या पोरीला सगळं ठाऊक होतं ती समोर उभी राहून खुणा करत होती. डब्याकडे बोट दाखवायची, मग हातानं बाप्याची उंची दाखवायची. राणी म्हणाली, "बघा, काजूगर बघून हिला भावाची आठवण येते." आणि आणखी रडायला लागली.

काय म्हणालास मन्या? लिहून का नाही दाखवलं? शहाणा आहेस. अरे, त्या राज्यात मुलींना लिहायला शिकवतच नव्हते. भोगा म्हणावं आता! म्हणून सांगते चिंगे, उद्या पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायची नाही.

मग राजाच्या लक्षात आलं, की पोरीला काहीतरी सांगायचंय. तिची दातखीळ उघडायला हवी. आधी राजवैद्य आले. त्यांनी सात मुळ्यांचा काढा केला. तो सगळा हनुवटीवरून गळ्यात गेला. मग भूतं उतरवणारा पंचाक्षरी आला. त्यानं मोरपीस फिरवलं, धूप घातला. धुरानं तो स्वतःच घेरी येऊन पडला. तिसरी आली आवडाबाई.

ही आवडाबाई राजवाड्यात गोडधोड करायची. परातीत काहीही घोळवायचं झालं की तिलाच बोलावणं जायचं, कारण ती झारा-पळी काही वापरत नसे. शेगडीवर परात, परातीत दाणे, आणि उघड्या तळहातानं फिरवत राहायचं. वरून पाक थेंब थेंब सोडायचा. संक्रांतीचा हलवा करतात ना, तसंच. तळहाताला घट्टे पडलेले, पण एकेक दाणा तिला हाताला कळायचा. आजकाल काय, कालथ्यानं ढवळतात आणि काटा आला नाही म्हणून रडतात.

आवडाबाई म्हणाली, "महाराज, तिखट जिभेला लागलं की तोंड आपोआप उघडतं. पण नुसतं तिखट बाय माझी घेईल कशी? साखरेच्या पाकातून द्यायला हवं. गोड म्हणून ओठांत धरेल, आणि मागून तिखट लागलं की हाय हाय करेल. मी गोड-तिखट काजूगर करते."

राजा म्हणाला, "करा आवडाबाई, काहीही करा. इथे, माझ्यासमोर करा."

आणि आवडाबाईनं कुठला डबा उघडला? हां, तोच!

मैनावती पांढरीफटक पडली. ती परातीला आडवी झाली. दासींनी तिला धरून बाजूला बसवलं. "आजारी आहे हो पोर," म्हणाल्या.

मग शेगडी पेटली. अगदी मंद निखारे. काजूगर कोमट झाले. आवडाबाईनं पाक सोडला आणि हात फिरवायला लागली. हळूहळू सगळ्यांवर पांढरा थर चढला. पण एक काजूगर काही पाक घेईना. तो आपला कोरडाच, आणि फिरून फिरून परातीच्या कडेला जाऊन बसायचा. आवडाबाईनं त्याला मधे ढकललं.

मग दुसऱ्यांदा पाक सोडला. तो काजूगर टुणकन उडाला आणि परातीबाहेर पडला! आवडाबाई चमकली. "अगो बाई! हा काय काजूगर की बेडूक?" तिनं उचलला, तर तळहाताला धुकधुक लागली. तिला वाटलं, आपलंच मन. पुन्हा परातीत टाकला.

मग तिनं उरलेल्या पाकात लाल मिरचीची पूड घातली, मिरी घातली, मिठाची चिमूट घातली. मिरचीचा असा खाट उठला, असा झोंबरा धूर, की राजा खोकला, राणी खोकली, दारातला शिपाई खोकला. त्या गडबडीत आपला काजूगर तिसऱ्यांदा उडाला. तो थेट राजाच्या मांडीवर.

राजा तीन दिवसांचा उपाशी. डोळ्यांत खाटाचं पाणी, मनात बाप्या. त्याचं लक्षच नव्हतं. हाताला काजूगर लागला, आणि आपण दाणे खात बसतो ना तसा उचलून त्यानं सरळ तोंडात टाकला!

"बाबाऽऽऽ, चावू नका! तो बाप्या आहे!"

कोण ओरडलं? मैनावती! एका धक्क्यानं बसलेली दातखीळ दुसऱ्या मोठ्या धक्क्यानं उघडली. शेगडीजवळची मांजर पळाली. राणीच्या हातातला तांब्या खाली पडला. आणि राजा तसाच! आ वासलेला, जिभेवर काजूगर, डोळे कपाळावर. हलतोय कशाला! पोटचा पोरगा दाताखाली आला असता हो!

मैनावतीनं हलक्या हातानं तो काजूगर उचलून राजाच्या तळहातावर ठेवला. मग शेकराचं सगळं सांगितलं, रडत रडत. "त्याच्या तोंडून आवाज निघाला पाहिजे. पण त्याला तोंडच नाही!"

  काजूगर पडला तर झेलायला राणी राजाच्या हाताखाली पदर पसरून बसली.

तेव्हा आवडाबाई पुढे आली. तिनं तिखट पाकाचा एक थेंब बोटावर घेतला, फुंकून फुंकून थंड केला आणि काजूगरावर सोडला. वरून गोड लागलं, तसा काजूगर जरासा हलला. थेंब आत मुरला. नुसतं गोड असतं तर लबाड चाटत पडून राहिला असता, आणि नुसतं तिखट असतं तर अंग चोरून बसला असता. पण गोडाच्या नादानं त्यानं तिखट आत ओढून घेतलं.

आणि तळहातावरून आवाज आला. "खो."

एवढासा. डास खोकला तर एवढाच खोकेल. राजानं तळहात कानाशी नेला.

"खो! खो! खो! आऽऽक्छीऽऽ!"

आणि राजा धाडकन उताणा पडला, कारण त्याच्या हातावर पाच वर्षांचा बाप्या बसला होता! नाक लाल, डोळ्यांतून धारा, कानामागे साखरेचा काटा. म्हणाला, "ताई, पाणी!" राजानं त्याला कुशीत घेतलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. राणीनं मैनावतीला जवळ ओढलं. आवडाबाईनं पदरानं डोळे पुसले, आणि हाताला मिरची लागली होती म्हणून आणखी रडली.

मग दुसऱ्या दिवशी बाप्या स्वतः गाठोडं घेऊन ढोलीपाशी गेला. सगळे काजूगर परत केले. आता ते झाले होते गोड-तिखट, त्याला कोण काय करणार! शेकरानं एक खाल्ला. त्याची शेपटी ताठ उभी राहिली, मिशा फुलल्या, तोंडातून स्स हा, स्स हा. बाप्या घाबरून ताईच्या मागे लपला. आणि शेकरू म्हणालं, "दुसरा आहे का?"

तेव्हापासून त्या राज्यात दर उन्हाळ्यात आवडाबाईनं केले तसे काजूगर करतात. पहिली ओंजळ ढोलीत जाते. मैनावती लिहायला शिकली, आणि तिच्या मागून राज्यातल्या सगळ्या मुली शिकल्या. आणि तिथली माणसं काजूगर तोंडात टाकण्याआधी एकदा कानाला लावून बघतात. न जाणो! सगळी सुखात नांदली, तशी तुम्हीही नांदा.

चला, आता हातपाय आखडून काजूगरासारखे वाकडे व्हा आणि डोळे मिटा. मी एकेकाला कान लावून बघणार आहे. जो खोकेल तो बाप्या, त्याला उद्या शेकराकडे पाठवीन.

मन्या, हसू नकोस. मला ऐकू आलं.