पाच घोंगड्या आणि तीन हुकूम

कातळगडच्या राज्यात एका महिन्यात तीनदा आग लागली. लागली कसली, लावली! आधी सरकारी गवताची गंजी, मग जकातनाका, मग धान्याचं कोठार. दरवेळी शेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं, 'पुढची पाळी तुमची!' लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि राजा रणधवल? आधीच हट्टी, त्यात तापट! त्याने हुकूम काढायचा सपाटाच लावला.

पहिला हुकूम, कुणी चूल पेटवायची नाही. आग म्हणजे आग! सगळं गाव भिजवलेले पोहे खाऊन कंटाळलं. दुसरा हुकूम, दोघांपेक्षा जास्त माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही. एका घरी बारसं होतं. आई आणि बाळ मिळून झाली दोन, म्हणून शिपायांनी आत्याला दारातूनच परत पाठवलं. आता बाळाचं नाव ठेवणार कोण, शिपाई?

तिसरा हुकूम सगळ्यांवर कडी करणारा. आग लावणारे काळी घोंगडी पांघरून आले होते, असं एका पहारेकऱ्याने सांगितलं. झालं! घोंगडी पांघरतात धनगर, म्हणून राज्यातले एकशेचाळीस धनगर तुरुंगात. गुरुवारचा बाजारही बंद. धन्यांवाचून मेंढरं गल्लोगल्ली बें बें करत फिरू लागली.

तेव्हा मायाप्पा धनगराची लेक धुरपा तडक दरबारात आली.

"महाराज, माझ्या बाबांना सोडा. त्यांनी काही केलं नाही!"

"मग कुणी केलं?" राजा गरजला. "सांग! नाहीतर येत्या शुक्रवारी सगळ्या धनगरांना मेंढरांसकट राज्याबाहेर हाकलतो!"

"शोधून देते."

दरबार हसला. राजालाही गंमत वाटली. "वा! माझ्या पाचशे शिपायांना जमलं नाही ते तू करणार? मग ऐक. गुरुवारपर्यंत मुदत. एकही शिपाई मिळणार नाही. कुणाला हात लावायचा नाही. कुणाला एक प्रश्नही विचारायचा नाही!"

"कबूल! फक्त तुमचे तिन्ही हुकूम मागे घ्या. चुली पेटू देत, माणसं भेटू देत, धनगर सुटू देत. आणि गुरुवारी बाजार भरणार, अशी दवंडी पिटा."

प्रधान त्र्यंबकपंत ताडकन उठले. "आणि धनगर पळाले तर?"

"मेंढरं टाकून?" धुरपाने कपाळाला हात लावला. "पंत, धनगर एकवेळ बायकोवर रुसून घर सोडेल, पण कळप सोडून जायचा नाही! तरी भरवसा नसेल तर मी ओलीस राहते."

ओलिसाची गरज नाही म्हणत राजाने होकार दिला. दवंडी पिटली गेली. चुली पेटल्या. पाणवठ्यावर आठ दिवसांनी बायका भेटल्या, आणि काय बोलू नि काय नको असं झालं त्यांना! धुरपा त्यांच्यात बसून हळूच काहीतरी बोलली. बायकांनी ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. सगळ्या गोष्टीत मोठं नवल म्हणाल तर हेच!

गुरुवार उजाडला. बाजार फुलून गेला. राजा आणि पंत चावडीच्या ओट्यावर बसले. समोर काळ्या घोंगड्यांची ही गर्दी!

"यातला चोर कोण, संन्यासी कोण?" राजा कुजबुजला. "सगळे सारखेच दिसतात."

"दिसू देत की!" धुरपा म्हणाली आणि तिने हात वर केला.

त्याबरोबर बाजारातल्या सगळ्या माड्यांवरून बायकांनी भरल्या घागरी खाली उपड्या केल्या! एकच कालवा उठला. पण धनगर? त्यांनी डोळ्यांचं पातं लवायच्या आत घोंगडीचं टोक दुमडून डोक्यावर खोळ केली आणि काठीवर भार देऊन आहेत तिथेच उभे राहिले. रानात कळप सोडून आडोशाला पळायची सोय कुठे असते? जन्माची सवय ती!

पाच जणांना मात्र खोळ करता येईना. ते छातीशी गाठोडी कवटाळून एका वळचणीकडे धावले. धावताना घोंगड्या गळून चिखलात पडल्या, आणि गाठोडी सुटली. तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि चकमकी सगळ्या बाजारासमोर!

"अगं बाई, हेच ते! बाजार पेटवायला आले होते!" वरून एक बाई ओरडली. लोकांनी पाचही जणांना घेरलं. राजाने शिपायांना खूण केली आणि ते पकडले गेले.

पाचातला एक दात-ओठ खात म्हणाला, "अजून दोन हुकूम निघाले असते तर अख्खी रयतच राजावर उलटली असती! मग गादी आमचीच होती!"

राजाचा चेहरा उतरला. "पंत, यांना न्यायाधीशापुढे उभं करा. रीतसर चौकशी होऊ दे." मग तो धुरपाकडे वळला. "पोरी, म्हणजे माझे हुकूम वाईट होते म्हणतेस?"

"छे छे, महाराज! हुकूम फार कामाचे होते."

"मग?"

"काम फक्त यांचं होतं! यांनी कशीबशी तीन ठिकाणं पेटवली. घराघरातली चूल विझवणं, पाणवठा ओस पाडणं, बाजार उठवणं, एवढं पाच जणांना कुठलं झेपायला? तेवढं तुम्ही करून दिलंत!"

पंतांनी डोळेच मिटले. पण राजा असा हसत सुटला, की डोक्यावरचा मंदिल घसरून नाकावर आला! मंदिल सावरत त्याने विचारलं, "माझे पाचशे शिपाई हरले. तुझे शिपाई होते तरी किती गं?"

"मोजले नाहीत. पण सगळे तुमच्याच राज्यातले. तुम्ही त्यांना घरात कोंडून ठेवलं होतंत, मी बाहेर काढलं!"

राजा पुन्हा खो खो हसला. मायाप्पाला त्याने स्वतःच्या हाताने भरजरी शेला पांघरवला, नदीकाठचं सरकारी कुरण मेंढरांना कायमचं मोकळं करून दिलं, आणि धुरपाला राजसभेत थेट त्र्यंबकपंतांशेजारी बसवलं. पंत मुकाट्याने सरकले!