एक सुटलेला चातुर्मास

ऐका लेकरांनो, आणि लेकरांच्या आयांनो, तुम्हीही हातातली निवडणटिपण घटकाभर बाजूला ठेवून ऐका.

फार फार वर्षांपूर्वी एका नदीकाठी एक गुरुकुल होतं. तिथे कोणी वैद्यक शिके, कोणी न्यायशास्त्र, कोणी गायन, कोणी ग्रहतारे. आठ महिने ज्याची त्याची पोथी. पण आषाढातली एकादशी आली, की सगळ्या पोथ्या लाल कापडात बांधून देवापुढे ठेवायच्या. मग देवापुढेच चिठ्ठ्या निघत. चिठ्ठीत ज्याचं घर येईल, त्याच्याकडे चार महिने राहायचं, पडेल ते काम करायचं, दाखवतील ते शिकायचं. गाणारा कुंभाराकडे जाई, तारे मोजणारा गवळ्याकडे. कार्तिकात परत यायचं आणि पोथी सोडायची. याला तिथे परघरचा चातुर्मास म्हणत. तो केल्याशिवाय कोणालाच विद्येचा निरोप मिळत नसे.

त्याच गुरुकुलात एका विधवेचा एकुलता एक मुलगा वैद्यक शिकत होता. बुद्धी अशी, की एकदा ऐकलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. आईने त्याला फार जपून वाढवलं होतं. घरी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला, तरी ती म्हणे, "तू जा राजा, तू वाच. हे बायकांचं बघायला मी आहे." दर दिवाळीआधी भांड्यांना आतून कथील लावायला अंगणात कल्हईवाला बसे, भाता फुसफुसे, धूर होई. मुलाची मान पोथीतून वर होत नसे. आईला त्याचं केवढं कौतुक.

त्या वर्षी मुलाच्या चिठ्ठीत तांबटाचं घर आलं. त्याचं तोंड उतरलं. तो आईला म्हणाला, "आई, वैद्यक म्हणजे समुद्र आहे. चार महिन्यांत मी चाळीस वनस्पती शिकेन. त्यातल्या एकीने उद्या कोणाचा जीव वाचेल. तो जीव सोडून मी भांडी घासत बसू?"

आता हे काही खोटं नव्हतं. आईलाही ते पटलं. तिने सोमवार धरले, नारळ घेतला आणि गुरूंकडे गेली. माझ्या लेकराला एवढी सूट द्या, म्हणून तिने पदर पसरला. हा नेम मंद मुलांसाठी असेल, माझा मुलगा तसा नाही, असंही ती बोलून गेली.

गुरू हसले. मग म्हणाले, "बाई, कोणाच्या घरी तो काय शिकेल, हे मला ठाऊक नाही. ठाऊक असतं, तर तेवढंच पोथीत लिहून दिलं असतं. ठाऊक नाही, म्हणून तर पाठवतो."

पण आई उठेना. डोळ्यांना पदर लावून बसून राहिली. आणि खरं सांगायचं, तर तो मुलगा गुरूंचाही लाडका होता. असा शिष्य पुन्हा मिळायचा नाही, एका वर्षी एकाने नाही केला नेम तर काय बिघडतं, असं त्यांच्याही मनात आलं. त्यांनी देवापुढची ती चिठ्ठी उचलली आणि न्याय शिकणाऱ्या एका मुलाच्या हातात ठेवली.

हा न्यायवाला मुलगा त्या वैद्यक शिकणाऱ्या मुलाचा मित्र. अंगाने आळशी, जिभेने तिखट. जाताना म्हणाला, "जा वैद्यबुवा, अमृत शोधा. ते ठेवायला भांडं लागलं, तर मला हाक मारा." दोघंही हसले.

कार्तिकात तो परतला, तेव्हा त्याच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते. तांबटाकडच्या गोष्टी तो सांगू लागला, तेव्हा वैद्यक शिकणाऱ्या मित्राने पान उलटलं. त्याच्या खरंच चाळीस वनस्पती पाठ झाल्या होत्या.

वर्षं गेली. तो मुलगा मोठा वैद्य झाला. त्याचा हात लागला की ताप उतरतो, असं लोक म्हणू लागले. गर्व त्याला नव्हता. गरिबाकडून तो पान-सुपारीही घेत नसे. आई त्याच्या नावाने देवापुढे रोज एक वात जास्त लावी.

मग एके साली डोंगरापलीकडच्या गावात तापाची साथ आली. वैद्य आपले चार शिष्य घेऊन धावला. घरोघरी अंथरुणं. चुलीपुढे उभी राहील अशी बाई गावात उरली नव्हती. वैद्याने चिंच, आमसूल आणि डाळिंबाच्या सालीचा आंबट काढा सांगितला. शिष्यांनी तो मडक्यांतून उकळला. दोन दिवसांत माणसं उठून बसू लागली.

सगळ्यांत आधी उठली एक सात वर्षांची मुलगी. आपली छोटी पितळी वाटी घेऊन ती स्वतःच रांगेत येई, आणि वाटी रिकामी झाली की उलटी करून दाखवी. वैद्याला तिचा लळा लागला.

रोगी आसपासच्या वाड्यांतूनही येऊ लागले. मडकी पुरेनात. तेव्हा शिष्यांनी देवळाच्या कोठीतून भंडाऱ्याचे दोन मोठे तांब्याचे हंडे काढले. तीन वर्षांत भंडारा झाला नव्हता. हंडे बाहेरून चिंचेने घासून लखलखीत केले. आतली कल्हई मात्र कधीच उडून गेली होती. त्या हंड्यांत काढा उकळला आणि रात्रभर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलीने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"वैद्यकाका, औषध चावतंय."

"औषध कडूच असतं, बाळ."

"कडू नाही हो. जिभेला चावतंय."

वैद्य हसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढच्या अंथरुणाकडे वळला. तो सांगतोय म्हणून मुलीने डोळे मिटून वाटी संपवली, आणि उलटी करून दाखवली.

संध्याकाळपर्यंत माणसं ओकू लागली. पोटात पिळे पडू लागले. वैद्याने नाडी पाहिली, श्लोक आठवले. रोग पोटात उतरला, असं त्याने ठरवलं. त्याने काढा दुप्पट केला.

तिसऱ्या दिवशी त्याचा तो जुना मित्र, आता मोठा न्यायशास्त्री झालेला, बातमी ऐकून मदतीला आला. त्याला औषधातलं काही कळत नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, की काढा तोच, रोगी तेच, आधी गुण आला आणि आता येत नाही, तर मधे बदललं काय. विचारता विचारता तो हंड्याशी गेला. आत वाकून त्याने बोट फिरवलं. बोटाला हिरवट काळपट काही लागलं.

"अरे, याला कल्हई कुठे आहे?" तो म्हणाला. "काढा कळकलाय. हे विष झालंय."

वैद्याला तो शब्दसुद्धा नीट कळला नाही. मित्राने सांगितलं, की कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट राहिलं की ते बिघडतं. तांबटाच्या घरी पहिल्याच दिवशी त्याला हे शिकवलं होतं. हंडे तिथेच उपडे केले. पुन्हा मडकी मांडली. बाकीची माणसं हळूहळू वाचली. पाच माणसं मात्र गेली. पाचवी ती मुलगी.

वैद्य घरी आला तो थेट आईपुढे बसला. मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "ती सांगत होती, आई. मी काढा वाढवत गेलो."

ताक, आमटी, चिंचेचं सार, जन्मभर आईने कल्हई पाहिल्याशिवाय भांड्यात घातलं नव्हतं. घरची मोलकरीण हे जाणत होती. जाणत नव्हता तो एक तिचा विद्वान मुलगा. ती म्हणाली, "तुला उंबऱ्याशी मीच अडवलं रे. नारळही मीच नेला."

दोघं गुरूंकडे गेले. गुरू आता फार थकले होते, दृष्टी गेली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "नेम तुम्ही सूट मागून मोडला नाहीत," ते म्हणाले. "मी देऊन मोडला. देवापुढची चिठ्ठी मी उचलली."

वैद्याने त्यांच्याकडे एकच मागणं मागितलं. राहिलेला चातुर्मास करू द्या.

आषाढात केस पिकलेला तो वैद्य पोथ्या लाल कापडात बांधून तांबटाच्या दारी गेला. जुना तांबट राहिला नव्हता, त्याचा मुलगा होता, वैद्याहून वयाने लहान. वैद्य भाता ओढू लागला. येणारेजाणारे म्हणत, वैद्यबुवांना उतारवयात बरं काम सापडलं. तो मान खाली घालून नवसागर टाकी, कथील फिरवी, कापसाच्या बोळ्याने पुसून घेई. आई लांबून येऊन एकदा पाहून गेली.

कार्तिकाच्या तोंडावर डोंगरापलीकडची एक बाई कल्हईला भांडी घेऊन आली. ओळख दोघांनाही पटली. भांड्यांत त्या मुलीची छोटी पितळी वाटी होती. वैद्याचे हात थांबले. बाई म्हणाली, "धाकट्याला ताक प्यायला लागते."

त्याने ती वाटी दोनदा घासली, दोनदा तापवली, चंद्रासारखी पांढरी केली. बाईने ती हातात घेतली, आत बोट फिरवून पाहिलं, आणि कमरेला खोचून निघून गेली. वाटी तिने त्याच्याकडूनच नेली.

तेव्हापासून त्या गुरुकुलात चिठ्ठी कोणाचीच उचलली जात नाही, हुशाराची तर नाहीच. ते झालं ते चांगलं झालं. पण त्या मुलीला त्याचा काय उपयोग. देव करो आणि तुमच्या घरी अशी उशिराची शहाणीव न येवो.

बोध: आपली विद्या कितीही शुद्ध असो, दुसऱ्याच्या घरचं चार दिवस शिकल्याशिवाय ती ज्या भांड्यात ओततो ते भांडं आपल्याला दिसत नाही.