सुगरण मास्तरांचा शेरा

झाडांना अजून घरपट्टी लागत नव्हती, त्या काळातली गोष्ट. वाऱ्याने घरटी पडू लागली म्हणून रानातल्या पाखरिणींनी सुगरण पक्ष्याकडे विणकामाची शिकवणी लावली. पाखरिणी पोक्त होत्या, दोन-दोनदा पिल्लं वाढवलेल्या. पण मास्तर गवत म्हणजे काय, इथपासून सांगत. मग एकेकीच्या घरट्याकडे बघून "बेकार!" म्हणत आणि पुढे सरकत.

"मास्तर, चुकलं कुठे?" बुलबुलबाई विचारी.

"एवढं वय झालंय बाई, कळायला नको?"

सुगरणींमध्ये घरटं नर बांधतो आणि मादी पारखते. तिला पटलं तरच संसार. मास्तरांचं घरटं बघायला मादी येणार हे कळताच बुलबुलबाईने तिला वाटेत गाठलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

मादीने घरटं हलवून पाहिलं. "बेकार!" म्हणाली आणि उडायला निघाली.

मास्तरांची चोच उघडीच राहिली. "अहो, थांबा! बेकार म्हणजे नेमकं काय? दार? गाठ? सांगा तरी, दुरुस्त करतो!"

खालच्या फांदीवर सगळा वर्ग खुसखुसला.

"विणकाम सुरेख आहे," मादी हसू दाबत म्हणाली. "फांदीकडची गाठ तेवढी सैल आहे. आवळून ठेवा, संध्याकाळी सामान घेऊन येते."

गाठ आवळून मास्तर खाली आले. बुलबुलबाईच्या घरट्यापाशी बराच वेळ घुटमळले.

"बाई, ही वाटी इतकी गोल कशी काय जमवलीत?"

"बसा, दाखवते," बुलबुलबाई म्हणाली आणि मास्तरांना बसायला जागा करून दिली.