पिसांच्या माशीची चढाओढ

फार पूर्वी मंदारपूर नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शिलावती नदीकाठी एका गळ बांधणाऱ्याच्या घरी जन्मले होते. वेणुदत्त हे त्यांचे नाव. त्या जन्मी त्यांचा मार्ग पुरता उजळला नव्हता. पोटासाठी ते मासे धरीत. पण त्यांच्या गळाला आमिष नसे. कोंबड्याच्या मानेचे पीस आणि मोरपिसाचे तंतू ते रेशमी धाग्याने गळावर असे बांधीत, की पाण्यावर टेकताच ते माशाला खरी माशी वाटे. घोड्याच्या केसांची हलकी दोरी हवेत दोनदा झुलवून ते ती माशी प्रवाहावर अलगद उतरवीत. घरापुरते दोन मासे मिळाले की दोरी गुंडाळीत. उन्हाळ्यात पाणी कोमट झाले, की मासा आधीच बेजार असतो म्हणून नदीवर जातच नसत.

रोहक आणि सुजात हे त्यांचे दोन शिष्य. दोघेही तिशीतले, एकाच गल्लीत वाढलेले. एकाच्या गळाला मोठा मासा लागला, की दुसरा आपली गळाची काठी टाकून मदतीला पाण्यात उतरे.

एकदा राजाने त्या दोघांना दोरी झुलवताना पाहिले आणि तो तिथेच खिळून राहिला. त्याने वेणुदत्तांना बोलावून सांगितले, की दर वसंतात या विद्येची स्पर्धा भरवायची. धरलेला मासा मोजून जिवंत सोडायचा. ज्याचे मासे जास्त, त्याला राजाच्या हातून मानाचा शेला. वेणुदत्तांनी पंच व्हावे आणि त्याबद्दल नदीकाठचे एक गाव घ्यावे.

वेणुदत्तांनी नको म्हटले. राजा रागावला नाही.

"यात वाईट काय आहे?" तो म्हणाला. "मासा मरत नाही. तरुण माणसे शेजारच्या राज्यात लुटीला जाण्यापेक्षा नदीत उभी राहतील. आणि चढाओढ असली की विद्या वाढते. तुम्हाला जे शिकायला चाळीस वर्षे लागली, ते ही मुले पाच वर्षांत शिकतील."

"विद्या वाढेल, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "पण एकटा माणूस पुरे झाले की थांबतो. शेजारी दुसरा उभा असला, की तो थांबेपर्यंत याला थांबवत नाही, आणि याच्याकडे पाहून त्यालाही नाही."

राजा म्हणाला, की पंच त्यासाठीच असतो. वेणुदत्तांना ते पटले. आपण तिथे असलो तर वेळेवर थांबवू, असे त्यांना वाटले. त्यांनी गाव घेतले नाही, पण पंच होणे कबूल केले.

पहिल्या वर्षी सारे नीट पार पडले. रोहक जिंकला. दुसऱ्या वर्षी सुजात जिंकला. मग सुजात माशी बांधताना दार लावून घेऊ लागला. रोहकाला कोणी विचारले, मासा कुठे आहे, तर तो खोटी जागा सांगू लागला. वेणुदत्त हे पाहत होते, पण बोलले नाहीत.

तिसऱ्या वर्षी पाऊस फार कमी झाला होता. वसंतातच नदी आटली आणि पाणी तापले. वेणुदत्तांनी स्पर्धा पुढे ढकलण्याची विनंती केली. राजाने सांगितले, की दोन राज्यांचे पाहुणे येऊन उतरले आहेत, आता ते जमणार नाही.

त्या दिवशी सोडलेले मासे पोहून गेले नाहीत. ते उलटे होऊन तरंगू लागले. दुपारपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली. वेणुदत्तांनी थांबण्याचे निशाण उभारले. काही जण बाहेर आले. रोहक आणि सुजात बरोबरीत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही पाण्यातच राहिले. मांडवातून राजाने हाताने खूण केली, चालू द्या.

थोड्याच वेळात रोहक डोहाच्या कडेच्या खडकावरून घसरला. तो एकदा वर आला आणि त्याने सुजातला हाक मारली. सुजात दहा पावलांवर होता, आणि त्याच्या गळाला मोठा मासा लागला होता. आधी मासा काढू, रोहकाला पोहता येते, असे त्याला वाटले. पण रोहकाची दोरी त्याच्याच पायांना गुंडाळली होती. वेणुदत्त पलीकडच्या काठावरून धावत आले आणि डोहात शिरले. त्यांनी रोहकाला वर काढले, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

सुजात मासा हातात धरून उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आचार्य, मी जिंकलो का?"

"हो," बोधिसत्त्व म्हणाले. "एका माशाने."

आपण काय विचारले, हे सुजातला तेव्हा ऐकू आले. तो तिथेच खाली बसला.

वेणुदत्त रोहकाच्या आईकडे स्वतः गेले. तिने एवढेच विचारले, की त्या पाण्यात त्याला कोणी उतरवले. ते म्हणाले, "मी. शिकवले मी, आणि पंचही मीच होतो." तिने दार लावून घेतले.

राजाला खरोखर दुःख झाले. त्याने पुढच्या वर्षापासून स्पर्धेला रोहकाचे नाव दिले, आणि वेणुदत्तांना पुन्हा पंच होण्यास सांगितले.

"मी असलो म्हणजे थांबवीन, असे मला वाटले होते," बोधिसत्त्व म्हणाले. "तो माझा गर्व होता. आता मला जाऊ द्या."

त्यांनी गळ, धागे, पिसे सारे टाकले. सुजात अन्नाला शिवत नव्हता. त्याचा हात धरून ते हिमालयाच्या वनात गेले आणि तापस झाले. पुन्हा त्यांनी मासा धरला नाही. मंदारपुरात स्पर्धा मात्र राजा होता तोवर दर वर्षी होत राहिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या याच बोधिसत्त्वांनी, जेतवनात उत्तिय आणि सोणक या दोन भिक्षूंना सांगितली. कोण जास्त दिवस उपाशी राहतो, अशी त्यांची चढाओढ लागली होती. उत्तियाला उठून बसवत नव्हते. एक गृहस्थ रोज येऊन दोघांचे दिवस विचारीत असे आणि पुढे असलेल्याला आधी वंदन करी. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे हा गृहस्थ. रोहक तो उत्तिय, सुजात तो सोणक, आणि वेणुदत्त मीच होतो. हातचे सोडून देता येणे, हीच नैष्क्रम्य पारमिता. त्या जन्मी ती मला एका माणसाच्या जिवाइतकी उशिरा कळली."