लाजाळूची शाल

एकदा काय झालं, डोंगरावरच्या एका राजाची मुलगी आजारी पडली. बकुळा तिचं नाव. तुमच्याच वयाची, आणि तुमच्याइतकीच हट्टी, बरं का! हिव भरलं तिला. दात नुसते कडकड वाजायचे. राजवाड्यात रजयांना काय तोटा? पण एक जड लागे, दुसरी टोचे, तिसरीत गुदमरायला होई. सगळ्या लाथेने ढकलून द्यायची. मग पुन्हा कुडकुडायची. झोप म्हणून नाही!

वैद्यबुवा म्हणाले, "पोर एकदा गाढ झोपली की ताप उतरेल. नाही झोपली, तर माझ्या मात्रेचा काही उपयोग नाही."

बकुळेचं आपलं एकच, "मला माझं लाजाळू हवं." विहिरीकाठी तिने स्वतः लावलं होतं ते. आता काट्यांचं रोप अंथरुणात कसं घ्यायचं? मग राणीने सगुणाक्काला बोलावलं आणि घाईघाईत सांगितलं, "विहिरीकाठी बकुळेचं रोप आहे. हुबेहूब तसल्या पानांची शाल विणून द्या." नाव सांगायचं राहूनच गेलं. घाई वाईट, दुसरं काय!

सगुणाक्का विणकामात मोठी वाकबगार. पण डोळे अधू. ती बोटांनीच बघायची. सुलट टाका कुठला, उलट कुठला, बोट फिरवलं की तिला कळे. आणि तिच्या माळावर लाजाळू उगवत नसे, त्यामुळे तिला काय ठाऊक?

मग ती विहिरीकाठी बसली. पान चाचपलं. "हं, पसरट आहे, दोन्ही बाजूंनी बारीक बारीक पानं." तशी एक ओळ विणली. खात्री करायला पुन्हा हात लावला, तर पान मिटलेलं! "अगंबाई, मघाशी चुकलंच की माझं!" म्हणून दुसरी ओळ मिटलेल्या पानांची विणली. जरा वेळाने पुन्हा हात लावला, तर पान आपलं उघडं!

सगुणाक्का पार गोंधळून गेली. "म्हातारपणी बोटंही फसवायला लागली की काय?" पण बाई प्रामाणिक. बोटांनी जे सांगितलं, तेच तिने विणलं. एक ओळ उघडी, एक ओळ मिटलेली. तीन दिवसांत शाल तयार. हिरवीगार, पान न् पान हाताला लागणारं.

दुपारी ती बकुळेच्या अंगावर घातली. बकुळा किती दिवसांनी हसली! डोळे जड व्हायला लागले. राणीला राहवेना. तिने पायाकडचं टोक सारखं केलं. तर काय! पानं भराभरा मिटली आणि शाल गुडघ्यापर्यंत वर सरकली. मग वैद्यबुवांनी नाडी बघायला काठ उचलला. शाल पोटापर्यंत आली. मग राजा घाबरला. त्याने दोन्ही हातांनी खाली ओढली. झालं! शालीचा झाला हातरुमाल, तोही पायाशी. पोर उघडी पडली, पुन्हा कुडकुडायला लागली.

"चेटूक!" वैद्यबुवा ओरडले.

"लोकर वाईट!" राणी म्हणाली.

सगुणाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं, महाराज. एकेक ओळ निराळी झाली. उसवते आणि पुन्हा विणते." तिने शेवटचा टाका धरलाही.

तेवढ्यात बकुळा क्षीण आवाजात म्हणाली, "उसवू नका ना, आक्का! लाजलंय ते. सगळ्यांनी हात काढा."

हात काढायचे म्हणजे कुठे ठेवायचे? कुणालाच कळेना. आजवर कुणाचे हात स्वस्थ बसले होते? शेवटी राजा आपल्या हातांवर बसला. खरंच, हात मांडीखाली घेऊन! मग राणी बसली. मग वैद्यबुवा. सगुणाक्काला फार जड गेलं. हात नाही लावला तर तिला दिसणार कसं? पण बसली बापडी.

मग एक पान उघडलं. मग दुसरं. हळूहळू शाल पायांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून थेट हनुवटीपर्यंत आली. बकुळेने डोळे मिटले. घोरणं ऐकू आलं तेव्हा कुठे सगुणाक्काला कळलं, की पोर झोपली.

दिवेलागण झाली आणि शाल पुन्हा मिटायला लागली! राजा उठणार, तोच राणीने त्याला डोळ्यांनी दटावलं. दिवस मावळला की लाजाळू आपणहून मिटतं, हे तिला आठवलं. या खेपेला बकुळा आत होती ना! शाल तिच्याभोवती घट्ट मिटली, कानापर्यंत. सकाळी उघडली, तेव्हा ताप गेला होता आणि बकुळेला भूक लागली होती. सगुणाक्काने आधी तिचं कपाळ चाचपलं आणि मग पोटभर रडून घेतलं.

पुढे सगळे मजेत राहिले. राजा तेवढा हातांना मुंग्या आल्या म्हणून आठवडाभर कुरकुरत होता.

चला, पांघरुणं घ्या हनुवटीपर्यंत. कुणी कुणाचं ओढायचं नाही. मीसुद्धा हात लावणार नाही. ही बघा, बसले हातांवर. मिटा आता तुमची पानं.