पाठीची माती

लहानपणी जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर हलगीचा आवाज कानी पडला आणि त्या आवाजामागोमाग सुकुमार तालमीत आला. यंदा त्याच फडावर हलगी कडाडली, पण त्याच्या आत काहीच हललं नाही...

"मग मी रोज घेतो त्या गोळ्या कशाच्या, वस्ताद?" सुकुमारनं विचारलं.

दौलू वस्ताद तालमीत, कुस्तीच्या हौद्यात उतरून, फावड्यानं तांबडी माती उकरत होते; सुकुमार काठावर उभा होता.

"मला डॉक्टर म्हणाले होते, डोक्यात एक रसायन कमी पडलंय, म्हणून मन उदास राहतं. आता पेपरात आलंय, तसं कमी पडल्याचं कुणाला सापडलंच नाही."

"गोळ्यांनी काय होतं?"

"झोप लागते. अंघोळ करावीशी वाटते. पण हसू यावं तिथंही काही वाटत नाही. टाकून देऊ?"

"डॉक्टरांना विचारलंस?"

"म्हणाले, एकदम बंद करू नका. या, बोलू."

"मग त्यांच्याकडं जायचं. मला दूध किती प्यायचं ते विचार."

सुकुमार हसला नाही. वस्तादांनी फावडं खाली ठेवलं.

"खरं काय ते बोल, लेका."

"रसायन कमी होतं तोवर मी आजारी होतो..." सुकुमार काठावर बसला. "ते कमी नसेल, तर मी नुसता भित्राच ना? एवढा पैलवान, आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही."

वस्तादांनी सदरा काढला. मग ते हौद्यातच सरळ उताणे झाले.

सुकुमार चरकला. तालमीत दमलेला गडी कुशीवर पडतो, पोटावर पडतो. उताणा कुणी पडत नाही. पाठ मातीला लागली की हार.

"वस्ताद, उठा! हे काय करताय?"

"मला कुणी पाडलं?"

"कुणी नाही."

"नीट बघ."

सुकुमारनं खरंच चारी बाजूंना पाहिलं. "...दिसत नाही कुणी."

"मग मी भित्रा?"

"तसं नाही... पण मग तुम्ही खाली कसे?"

"तेच बघतोय. ये. माती गार हाय."

सुकुमार काठावर घुटमळला. सदरा काढून उतरला, आधी कुशीवर टेकला, मग हळूहळू पाठ सोडली.

"काय वाटतं?"

"जड."

"कुठं?"

सुकुमारनं छातीवर हात ठेवला. मग गळ्यावर... "सांगता येत नाही."

"मला घाई न्हाई."

दोघं आढ्याकडं बघत पडून राहिले.

पुष्कळ वेळानं वस्ताद उठले आणि तसेच उघड्या अंगानं दाराकडं निघाले. सुकुमार मागं धावला, त्यांची पाठ झाडायला हात पुढं केला.

"बाहेर बाजार भरलाय, वस्ताद. लोक विचारतील, कुणी पाडलं म्हणून."

"विचारू देत की, लेका. सांगीन, अजून बघतोय."

सुकुमारचा हात तसाच राहिला. मग त्यानं आपला सदरा उचलून खांद्यावर टाकला आणि पाठीची माती तशीच ठेवून वस्तादांच्या आधी बाजारात चालू लागला.